कपडे वाळत घालायची तार

तपासनीसांनी तिसऱ्यांदा मीटरकडे पाहिलं, आणि तिसऱ्यांदाही काटा नऊवरच होता. कॉम्प्युटरच्या म्हणण्याप्रमाणे तो पाचावर असायला हवा होता.

घरापासून मैलभरावरच्या मोकळ्या मैदानात ते उभे होते. हातात मीटर, काखेत वही, कानाला फोन. तिकडे घरी, गच्चीवरच्या खोलीत, त्यांची बायको रेडिओच्या सेटचं बटण दाबून बसली होती.

"नीट दाबलंयस ना?"

"दाबलंय. अंगठा पांढरा पडला माझा. खाली गॅसवर दूध आहे, सोडू का?"

"अजून एकदा. मोजमाप चुकतंय."

"कमी येतंय की जास्त?"

"जास्त."

"मग चांगलंच आहे की!"

जास्त म्हणजे चांगलं, हे तपासनीसांना मान्य नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी वजनमापे खात्यात काढली होती. किलोच्या मापात सव्वा किलो भरलं, तरी ते माप त्यांच्या लेखी खोटंच. गिऱ्हाईक हसत घरी गेलं असलं, तरी त्यांनी माप जप्त केलेलं होतं.

निवृत्तीनंतर त्यांच्यापाशी उरला होता तो हा रेडिओचा छंद. दर रविवारी सकाळी आठ वाजता ते लांबच्या गावी राहणाऱ्या थोरल्या भावाशी सेटवरून बोलत. फोन होता, पण फोनवर दोघांचं जमत नसे. लहानपणापासून एकानेही दुसऱ्याचं वाक्य कधी पुरं होऊ दिलेलं नव्हतं, त्यामुळे फोनवर "बरा आहेस ना?", "ठेवू?", "ठेव" याच्यापुढे गाडी जातच नसे. रेडिओवर मात्र एकाने बटण दाबलं की दुसऱ्याला ऐकण्यावाचून गत्यंतर नाही. आपलं बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं, मग दुसऱ्याची पाळी. त्या एका शब्दाच्या जिवावर दोघे भाऊ तासतासभर बोलत. दादा वायरलेस खात्यातला जुना मिस्त्री, सत्त्याहत्तरीला आलेला. वहिनी गेल्यापासून त्याचा आठवडा रविवारी आठला सुरू होई आणि नऊला संपे.

अँटेना तपासनीसांनी स्वतः बांधली होती, अकरा वर्षांपूर्वी, वहीत गणित मांडून. एवढ्याशा सेटवर एवढा खणखणीत आवाज कसा, असं छंदातले स्नेही विचारत. "गणित चोख लागतं," असं ते म्हणत, आणि म्हणताना त्यांची मान किंचित ताठ होई.

परवा लेकीने त्यांच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम घालून दिला. तारेची लांबी, जाडी, उंची भरली की अँटेना कोणत्या दिशेला किती जोर लावते ते तो चित्र काढून दाखवी. तपासनीसांनी आपली अँटेना त्यात भरली आणि ताळा घ्यायला मैदान गाठलं. ताळा काही जुळेना.

आधी त्यांनी मीटरवर संशय घेतला. एका स्नेह्याचा मीटर मागून आणला, तोही नऊच दाखवू लागला. मग बायकोवर संशय घेऊन तिला खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात बसवून पाहिलं. शेवटी गच्चीवर चक्कर मारताना त्यांची नजर अँटेनाच्या मागे, पाच पावलांवर असलेल्या कपडे वाळत घालायच्या तारेवर गेली.

"ही मधे मधे करतेय," ते म्हणाले.

"ती दादांनी बांधलीय, अँटेना लावायला आले होते तेव्हा," बायको म्हणाली.

"दादाने बांधली म्हणून काय हार घालायचा तिला? कपड्यांना नायलॉनची दोरी चालते."

तार चांगली तांब्याची, जाड होती. दोन्ही टोकांना चिनी मातीचे मणी, गाठी मिस्त्रीच्या हातच्या. पक्कड लावून अर्धा तास झटल्यावर ती सुटली. तपासनीस मैदानात गेले, आणि काटा बरोबर पाचावर येऊन उभा राहिला. त्यांना भरून आलं. वहीत त्यांनी लाल शाईने लिहिलं, 'जुळले'.

रविवारी आठला सेट लावला तर नुसती खरखर. तिच्या तळाशी कुणीतरी बोलतंय असा भास होत होता, इतकंच. तपासनीसांनी फोन उचलला.

"दादा, तुझा आवाज येत नाही."

"तुझाही नाही येत. तू गच्चीवर काही—"

"गच्चीवरचं सगळं मोजलंय मी. कॉम्प्युटर आणि मैदान, दोन्ही जुळतात. दोष तुझ्या सेटमध्ये आहे."

"चाळीस वर्षांत कधी बिघडला नाही तो. मी काय म्हणतो, ती—"

"चाळीस वर्षांत लोखंडी मापंसुद्धा झिजतात. उघड तो."

"बरं," दादा म्हणाला. "ठेवू?"

पुढच्या रविवारी दादाने फोनवर सांगितलं, उघडला, पण दोष सापडत नाही. "नीट बघ," तपासनीस म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारी दादाचा फोन उशिरा आला.

"एका डोळ्यात मोतीबिंदू आहे ना, त्यात हात थरथरतो. सोल्डरचा डाग देताना भलतीकडेच लागला. धूर आला."

"मग?"

"मग काही नाही. असले पार्ट आता मिळत नाहीत. ठेवू?"

"ठेव."

त्या आठवड्यात तपासनीस घरात उगीच येरझारा घालत होते. बायको गच्चीवरून भिजलेली चादर घेऊन खाली आली.

"बघा तुमची दोरी. लोंबते, चादर लोळली खाली. दादांची तार कशी ताठ होती. तीनदा सोडून बांधली होती त्यांनी. बांधायची, खोलीत जाऊन सेटला कान लावायचा, पुन्हा येऊन वीतभर सरकवायची. म्हटलं, कपड्यांच्या तारेला एवढं काय? तर म्हणाले, नीट वाळायला हवेत ना."

"सेटला कान?" तपासनीस थांबले. "मी कुठे होतो तेव्हा?"

"तुम्ही झोपला होतात. अँटेना बांधून दमला होतात ना."

त्यांनी अडगळीतून तार काढून मोजली. अँटेनापेक्षा ती हातभर लांब होती. मग ती प्रोग्रॅममध्ये भरली, अँटेनाच्या मागे, पाच पावलांवर. चित्र पालटलं. सगळा जोर मैदानाच्या बाजूला, दादाच्या गावाकडे वळला, आणि कोपऱ्यात आकडा आला, नऊ.

"म्हणजे प्रोग्रॅम चुकला नव्हता?" बायकोने विचारलं.

"नाही."

"आणि मीटर?"

"तोही नाही."

बायकोने जाऊन शिडी धरली.

रविवारी आठला तार जागेवर होती. खरखर नव्हती, हवा स्वच्छ होती, आणि पलीकडे कुणीच नव्हतं. आयुष्यभर तपासनीसांनी लोकांची खोटी मापं पकडली होती, आणि एकमेव खरं माप त्यांनी स्वतःच्या हाताने पक्कड लावून सोडलं होतं. मग त्यांनी फोन लावला.

"दादा, ती कपड्यांची तार मी सोडली होती. दोष माझा होता. तुझा सेट माझ्यामुळे गेला. तू त्या दिवशी दोनदा काहीतरी बोलायला गेलास आणि मी बोलू दिलं नाही. आता बोल." थोडं थांबून, लाज वाटत असतानाही, ते म्हणाले, "ओव्हर."

मग दादा बोलू लागला.

"तारेचं मी तुला अकरा वर्षांपूर्वीच सांगणार होतो. पण तू सगळ्यांना कौतुकाने सांगत होतास, अँटेना मी बांधली म्हणून. म्हटलं, आवाज पोचतोय ना, मग कुणाच्या का नावावर पोचेना. सेटचं मनाला लावून घेऊ नकोस. मीही हट्टाने उघडला, तुला खोटं पाडायला." तो खोकला. "पुढच्या महिन्यात डोळ्याचं ऑपरेशन आहे. शेजाऱ्यांना सांगितलंय, एकटा जाईन म्हणून. पण भीती वाटते रे."

'मी येतो ना' हे शब्द तपासनीसांच्या अगदी ओठावर आले होते. पण दादाने अजून ओव्हर म्हटलेलं नव्हतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि फोन कानाशी धरून ठेवला.

बऱ्याच वेळाने पलीकडून आवाज आला, "झालं माझं. ओव्हर."