कोंडिबा आप्पांचे अठरा मुक्काम

कोंडिबा आप्पांनी मला फसवलं. दौंडात, भर दुपारी, चार माणसांच्या देखत फसवलं. आणि फसवून वर मला जिंकूनही दिलं, त्यामुळे तक्रार करायला गेलो की लोक मलाच हसतात. हसू देत. पंक्चर काढण्यापासून सुरुवात करून शिरूरच्या स्टँडजवळ जुन्या टीव्ही-रेडिओचं दुकान उभं केलेला माणूस आहे मी. व्यवहारात कोणी काही लपवलं की माझं डोकं फिरतं, मग लपवणारा सत्तरीचा का असेना.

आप्पा टीव्हीवरचं गोल्फ खेळायला बसले की आधी पायातल्या वहाणा काढून दाराबाहेर ठेवत. माझ्या दुकानाची फरशी अशी, की तिच्यावर अनवाणी चालण्यापेक्षा रस्ता बरा. पण आप्पा म्हणत, "हिरव्यावर वहाणा घालून जाऊ न्हाई, शेट." हिरवं टीव्हीत होतं. वहाणा माझ्या दारात. त्यानंतर ते उकिडवे बसत, पटका सारखा करत आणि हुकूम सोडत, "पंखा बंद करा."

मे महिन्यात, पत्र्याच्या दुकानात, पंखा बंद! पहिल्यांदा मला वाटलं, म्हाताऱ्याला टीव्हीतला चेंडू पंख्याच्या वाऱ्याने उडेल अशी भीती वाटते. गिऱ्हाइकांना मी तसं सांगूनही टाकलं आणि आम्ही पोटभर हसलो. खरं कारण मला महिनाभराने कळलं. पट्टीवर ठिपका सरकताना बारीक टिकटिक व्हायची. आप्पा डोळ्यांनी खेळतच नव्हते, कानांनी खेळत होते, आणि माझ्या पंख्याच्या खडखडाटात टिकटिक बुडत होती.

पण पट्टी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं.

नव्वद साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. एका बंगलेवाल्याकडून जुना टीव्ही घेताना मी नेहमीप्रमाणे अडून बसलो. "टीव्हीसोबत हा डबाही द्या, नाहीतर टीव्ही तुमच्याकडेच ठेवा." डबा म्हणजे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम. त्यांनी दिला. घरी येऊन पाहतो तर कॅसेट एकच, आणि ती गोल्फची. मारामारी नाही, मोटारी नाहीत. एक टोपीवाला माणूस, हातात काठी, आजूबाजूला गवत. गिऱ्हाईक बघायचं आणि विचारायचं, "ह्यात कुणी मरत न्हाई व्हय?" कोणी मरत नाही म्हटलं की पुढे जायचं.

पडून राहिलेला माल मला बघवत नाही, म्हणून मीच खेळू लागलो. पडद्याच्या एका बाजूला वरून पाहिलेलं रान दिसतं: गवत, झाडी, तळी, वाळूचे खड्डे आणि शेवटी एक छोटं भोक, त्यात निशाण. खाली ती पट्टी. बटण एकदा दाबलं की पट्टीवरून एक ठिपका पळू लागतो. दुसऱ्यांदा दाबलं की फटक्याचा जोर ठरतो. मग ठिपका मागे फिरतो, आणि एका बारीक रेघेवर आला की नेमक्या त्याच क्षणी तिसऱ्यांदा दाबायचं. लवकर दाबलं तर चेंडू डावीकडे झाडीत, उशिरा दाबलं तर उजवीकडे पाण्यात. वारा कुठला ते कोपऱ्यातला बाण सांगतो; चेंडू कुणीकडे मारायचा तो निशाण्याचा बाण मात्र आपण फिरवायचा. अशी अठरा भोकं. ज्याचे फटके कमी, तो जिंकला. कमीत काम उरकणाऱ्याचा खेळ, म्हणून मला तो पटला. जमला मात्र नाही. माझा राग बटणात उतरायचा आणि चेंडू तळ्यात.

आप्पा इनामगावकडचे. जन्म मेंढरांमागे गेला. पोरांनी पुढे मेंढरं विकून ऊस लावला आणि आप्पा रिकामे झाले. एका बाजारच्या दिवशी ते रेडिओ दुरुस्तीला घेऊन आले, आणि मी चौथ्यांदा तळ्यात चेंडू घालत होतो. ते पाच मिनिटं मुकाट्याने बघत राहिले. मग म्हणाले, "शेट, वारं त्या बाणानं दावलंय न्हवं?"

"हो."

"मग त्याच्या तोंडावर का मारताय?"

"आप्पा, हा साहेब लोकांचा खेळ आहे. तुमचं काम नाही."

"व्हय, व्हय," म्हणाले आणि बटणांचा ठोकळा माझ्या हातातून असा काढून घेतला, जसं एखादं कोकरू उचलावं. पहिला फटका झाडीत गेला. दुसराही. तिसरा निशाणाशेजारी जाऊन थांबला. मी उठून उभा राहिलो. आप्पा शांतपणे म्हणाले, "मेंढराला दगूड मारायचा नसतोय. ते जिथं पोचणार, तिथं आधी टाकायचा असतोय. मंग ते आपसूक वळतं. तुमचा ह्यो ठिपका बी तसलाच हाय, बेणं पळतंय, त्याच्या फुडं जाऊन दाबायचं."

त्या दिवसापासून दर बाजाराला आप्पा हजर. रेडिओ मी केव्हाच दुरुस्त करून दिला होता. माझ्याकडे यायला त्यांना दुसरं कारण नव्हतं. गोल्फच्या काठ्यांना त्यांनी नावं दिली: लांब काठी, मधली काठी, वाळूतली काठी आणि ढकलकाठी. भोकांना तर गावंच वाटून टाकली. पूर्वी ते दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाटाखाली कोकणात उतरत आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येत. त्या परतीच्या वाटेवर मुक्काम तीसचाळीस व्हायचे. टीव्हीत अठराच भोकं, म्हणून आप्पांनी बारके मुक्काम गाळले. पहिलं भोक घाटाच्या पायथ्याचं. सातवं मंचरच्या अलीकडचं. सतरावं कवठे येमाई. अठराव्याला आडवं पाणी होतं, म्हणून ती घोड नदी आणि पलीकडे घर.

"चला, मंचर सोडलं," म्हणायचे आणि गालात तंबाखू सारायचे.

माझ्या दुकानात त्यांना हरवणारा कोणी निघाला नाही. मी तर नाहीच. एकदा मी त्यांच्या ऐन फटक्याला मुद्दाम खोकलो. त्यांनी चेंडू बरोबर निशाणाजवळ टाकला आणि मला म्हणाले, "अडुळसा घ्या, शेट."

आता दौंड. दौंडचे डेव्हिडमामा मालगाडीचे निवृत्त गार्ड. कडक इस्त्रीची पँट, खिशात शिट्टी अजूनही. जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब शोधत ते माझ्या दुकानात आले आणि त्यांनी उकिडवे बसलेले अनवाणी आप्पा पाहिले.

"अरे वा! ये बाबा गोल्फ खेलता है?" ते हसले. "शेठ, माझ्याकडे हाच सेट आहे, हीच कॅसेट आहे. रोज सकाळी अठरा होल. राईट टाईम. हा डिसिप्लिनचा गेम आहे. मेंढरं हाकायचा नाही."

आप्पांनी नुसता पटका सारखा केला. बोललो मी. मी बोलतोच. "तुम्ही हरलात तर तुमचा डबा माझा."

"आणि तुम्ही हरलात तर हा माझा. मग बाबांना रेडिओ ऐकवा."

आप्पांचा अंगठा बटणावर तसाच राहिला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेंडू तळ्यात गेला. डबा गेला तर काय जाणार, ते मला तेव्हा कळलं. माझं काही जाणार नव्हतं. तो मला फुकटातच मिळालेला. आप्पांचं मात्र सगळं रान जाणार होतं.

म्हणून डेव्हिडमामांच्या घरी मॅच ठरल्यावर, दौंडला निघायच्या आधी मी आप्पांना खोदून खोदून विचारलं. "आप्पा, काही अडचण असेल तर आत्ताच सांगा. नियम ठरवताना बोलता येतं. खेळ सुरू झाल्यावर नाही."

"काय न्हाई. पंखा तेवढा बंद पायजे."

"आणखी?"

"वहाणा काढून बसणार."

"आणखी?"

"आन् काय आसतंय माझ्यापाशी?"

हे त्यांचे शब्द. लक्षात ठेवा.

डेव्हिडमामांच्या घरात सोफा होता, टीव्हीवर विणलेला रुमाल होता. त्यांच्या मंडळींनी चहा दिला. शेजारचे दोन रेल्वेवाले बघायला आलेले. पंखा बंद करायचा म्हटल्यावर डेव्हिडमामा म्हणाले, "पाहुण्यांचा घाम काढायचा?" मी म्हटलं, "तुमचा निघेलच." आप्पा सोफ्यावर बसले नाहीत, खाली उकिडवे बसले. डेव्हिडमामांकडे वही होती. प्रत्येक होलला कुठली काठी, किती जोर, सगळं लिहिलेलं. वही उघडायची, चष्मा लावायचा, दाबायचं. माणूस पक्का होता, हे मला कबूल करावं लागेल.

पण वहीत वारा लिहिलेला नव्हता. वारा दर खेपेला वेगळा. बाण उलटा फिरला की डेव्हिडमामा पान उलटत राहायचे आणि आप्पा निघालेले असायचे. सातव्याला आप्पा एका फटक्याने पुढे. अकराव्याला वाळूच्या खड्ड्यात अडकून बरोबरी. सोळाव्याला पुन्हा एकाने पुढे. माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

सतराव्याला डेव्हिडमामांनी चार फटक्यांत भोक गाठलं. आप्पांचे तीन झाले आणि चेंडू भोकापासून वीतभर अंतरावर. फक्त ढकलायचा. आंधळ्याने बटण दाबलं तरी आत. म्हणजे चारला चार, आणि एकाची आघाडी शाबूत.

आप्पांनी निशाण्याचा बाण फिरवला. भोकाकडून उलटा फिरवला. आणि चेंडू सावकाश, मुद्दाम, विरुद्ध दिशेला दोन हात ढकलला.

मग रेल्वेवाल्यांपैकी एक फिस्सकन हसला. आप्पा त्या हिरवळीवर थांबलेल्या चेंडूकडे थोडा वेळ बघत बसले, घाई नसल्यासारखे. मग तिथून अलगद भोकात. पाच. बरोबरी.

"आप्पा!" मी ओरडलो. "काय करताय काय? डोकं ठिकाणावर आहे का?"

"वरडू नगा. घरातल्या मावशी दचकत्यात."

मावशी नव्हे, डेव्हिडमामांच्या हातातला कप हिंदकळला होता, आणि तोही आनंदाने. त्यांनी वही उघडली. अठरावं: आडवं पाणी, समोरून वारा. वहीत लिहिलेलं, पाण्याच्या अलीकडे थांबावं, मग पलीकडे टाकावं. त्यांनी तसंच केलं. चार. "बराबर राहिली तरी घर माझं, म्हणून सेट माझा," ते म्हणाले. असा नियम ठरलेला नव्हता, आणि मी बाह्या वर सारल्या. तेवढ्यात आप्पांनी लांब काठी घेतली.

"पाण्यावरून?" डेव्हिडमामा म्हणाले. "इस हवा में? डूब जाएगा."

"घोड हाय ती," आप्पा म्हणाले. "तिला मी वळखतो."

टिकटिक सुरू झाली. आप्पांनी डोळे मिटले. खरंच मिटले, मी शेजारी होतो. चेंडू उंच गेला, वाऱ्याने त्याला मागे ओढलं, आणि तो पाण्याच्या पलीकडच्या काठाला, अगदी काठाला, पडला. दुसरा फटका हिरवळीच्या कडेला. आता ढकलकाठी. जमीन उतरती होती. आप्पांनी भोकाकडे पाहिलंसुद्धा नाही. चेंडू भलतीकडेच सोडला. माझ्या तोंडून शिवी निघणार होती. "पाणी जिकडं उतरंल, तिकडंच त्यो बी उतरंल," आप्पा म्हणाले, आणि चेंडू उतारावर वळला, रेंगाळला, वळला, आणि आत गेला.

तीन!

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. डेव्हिडमामांच्या मंडळी सांगतात, मी सोफ्यावर उभा राहिलो होतो. डेव्हिडमामा मात्र खरे गार्ड निघाले. त्यांनी सेटच्या वायरी गुंडाळल्या, डबा कापडाने पुसला, आप्पांच्या हातात दिला आणि खिशातली शिट्टी काढून एक लांब फुंकली. "लाईन क्लिअर, बाबा. जाओ."

परतीच्या एसटीत डबा माझ्या मांडीवर होता. कंडक्टर म्हणाला, "ह्यात काय हाय? लगेज पडंल."

"दौंडची इज्जत हाय. फाडा तिकीट!" सगळी गाडी हसली. मी पुढच्या सीटला, मागच्या सीटला, उभ्या माणसांना अठराव्या भोकाची हकीकत सांगितली. सांगता सांगता सतरावं आलं आणि माझा राग परत उसळला.

"आप्पा, सतराव्याला हात कसा चुकला?"

"हात न्हाई चुकला."

"मग?"

ते खिडकीबाहेर बघत होते. "कवठ्याला आमच्या हौसाचं म्हायार," म्हणाले. हौसाबाई म्हणजे त्यांची बायको. त्यांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. "परतताना तिथं एकच मुक्काम पडायचा. ती दर साली म्हणायची, आजून एक दिस ऱ्हाऊ. मी म्हणायचो, पाऊस गाठंल, मेंढरं चिखलात घालू व्हय? चाळीस वर्सं म्हणली. एक डाव बी ऱ्हायलो न्हाई." त्यांनी गालातली तंबाखू दुसरीकडे सारली. "आता मेंढरं न्हाईत. टीव्हीत पाऊस लागत न्हाई. तवा तिथं एक फटका जास्ती ऱ्हातो."

म्हणजे दर बाजाराला, माझ्या दुकानात, माझ्या डोळ्यांदेखत! मी गिऱ्हाइकांच्या नादात फक्त बेरीज बघत आलो होतो.

"पण आप्पा, आज मॅच होती. डबा जाणार होता."

"तिला काय ठावं, लेका, मॅच हाय ते?"

मी तोंड फिरवलं. शिरूर येईपर्यंत मी डब्याच्या वायरी सोडून पुन्हा गुंडाळत बसलो.

तरी माझा राग गेलेला नाही, आणि का जावा? मी एवढा घासाघीस करणारा माणूस. बोलणी चालू असताना आप्पांनी नुसतं कानात सांगितलं असतं, तर मी डेव्हिडमामांसमोर मांडी ठोकून बसलो असतो आणि कवठ्याच्या मुक्कामासाठी एका फटक्याची सूट पदरात पाडून घेतली असती. एकाची का, दोनाची! हौसाबाईंना दोन दिवस माहेर मिळालं असतं, उघडपणे, नियमात बसवून, सगळ्यांच्या देखत. आताही इथेच टीव्हीसमोर उकिडवे बसलेत, त्यांनाच विचारतो. आप्पा, तीनदा विचारलं मी तुम्हाला. तुम्ही पंखा आणि वहाणा तेवढ्या सांगितल्यात. का, आप्पा? दर बाजाराला विचारतो आणि तुम्ही बाण फिरवत बसता. आज चार लोकांसमोर विचारतोय, उत्तर द्या.