भोईरकाकांचे तास

भोईरकाकांना कुणी वेळ विचारली, तर 'सव्वानऊ' असं सरळ माणसासारखं ते कधी सांगत नसत. घड्याळाकडे बघायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "नऊ पॉइंट पंचवीस." साडेदहा वाजले की दहा पॉइंट पन्नास. विचारणारा नवखा असला तर तो आधी घड्याळाकडे बघायचा आणि मग काकांच्या तोंडाकडे.

महाप्याच्या आमच्या बाटल्यांच्या कंपनीत टाइम ऑफिस म्हणजे भोईरकाका. कामगारांनी येता-जाता मशीनवर अंगठा लावायचा, आणि त्या दोन वेळांवरून कोण किती तास राबलं ते काकांनी काढायचं. खरं तर कॉम्प्युटर ते आपोआप काढतो. पण काका प्रत्येकाचे तास पेन्सिलीनं पुन्हा काढत. "मशीन निस्तं बघतं," ते म्हणायचे. "कॉम्प्युटर हुशारी करतो."

मी साताऱ्याकडचा, त्यांच्या हाताखाली नवा लागलेलो. पहिल्याच आठवड्यात मी घोळ घातला. एका कामगाराचे एका दिवशी आठ तास चाळीस मिनिटं भरले होते, दुसऱ्या दिवशी आठ तास पस्तीस. मी आठ पॉइंट चाळीस आणि आठ पॉइंट पस्तीस यांची बेरीज करून सोळा पॉइंट पंचाहत्तर लिहून मोकळा झालो. काकांनी कागद नाकाजवळ नेला.

"सावंत, तुमच्या साताऱ्याला तास शंभर मिनिटांचा असतो काय रे? सव्वासतरा तास भरले मानसाचे. अर्धा तास खाल्लास तू त्याचा."

मग कँटीनमध्ये, सगळ्यांच्या देखत, माझ्याकडून पाढे म्हणवून घेतले. वीस मिनिटं म्हणजे पॉइंट तेहतीस, चाळीस म्हणजे पॉइंट सदुसष्ट. पोरी तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि माझा वडा ताटात गार होत होता.

पण खाल्लेला अर्धा तास परत देणारा हा माणूस उशिराचं एक मिनिटही सोडत नसे. सख्खा पुतण्या चार मिनिटं उशिरा आला, तर त्याचाही पाव तास कापला. ठाणे-बेलापूर रोडवर एकदा कंटेनर आडवा झाला, त्या दिवशी काकांनी स्वतःचाही कापला. कुणी गयावया केली की ठरलेलं उत्तर: "मशीनला मामा नाय, काका नाय. मशीन खोटं बोलत नाय." लोक त्यांना पाठीमागे यमाचा कारकून म्हणत. मीही म्हणायचो, जरा जास्तच हौसेनं.

आणि मग सुनंदाचं प्रकरण झालं.

सुनंदा बाटल्या धुण्याच्या खात्यात होती. सोड्याच्या पाण्यात वर्षानुवर्षं हात घालून तिच्या अंगठ्याच्या रेषाच गेल्या होत्या. जुन्या मशीनवर कसाबसा लागायचा. नवं मशीन आलं आणि ते तिला ओळखेचना. बिचारी अंगठा केसांना घासायची, पदराला पुसायची, पुन्हा लावायची. मशीन आपलं गोड आवाजात 'प्लीज ट्राय अगेन'. मागे रांग खोळंबायची, लोक ओरडायचे, की ती कामावर पळायची.

दहा दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी लागली की नाव कमी, हा कंपनीचा नियम. मॅनेजरला बायका कमी करायच्याच होत्या. आयतंच फावलं. सुनंदा अकरा दिवस गैरहजर असल्याचा कागद त्यानं टाइम ऑफिसच्या सहीसाठी पाठवला.

काका कागद घेऊन स्वतः केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं.

"ही बाई माज्या खिडकीसमोरून आली, माज्या खिडकीसमोरून गेली. रोजची वेळ लिवलीय मी. अकरा दिवसांचे अठ्ठ्याऐंशी पॉइंट शून्य तास."

"मशीनमध्ये एंट्री नाहीये, भोईर."

"मशीन चुकलं."

बाहेर आम्ही सगळे टाइप करायचे थांबलो. काका हे बोलतील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मॅनेजर हसला. म्हणाला, ठीक आहे, तुम्ही जागेवर बसा.

अर्ध्या तासानं त्यानं मला बोलावलं. मी अजून कन्फर्म झालो नव्हतो, आणि ते त्यानं मला एका वाक्यात आठवून दिलं. टाइम ऑफिसची सही कुणाचीही चालते, म्हणाला. मी केली. वाचल्यासारखं करून केली, हा आणखी एक नालायकपणा.

सुनंदा गेली. गेटवर तिनं भांडण केलं नाही, डबा पिशवीत घातला आणि चालू पडली. काकांना स्टोअरमध्ये टाकलं. आठवड्याभरात त्यांनीच राजीनामा दिला. महिनाअखेर मी कन्फर्म झालो. पेढे वाटले नाहीत, एवढी तरी लाज होती.

एका रविवारी मी नावड्याला त्यांच्या घरी गेलो. माफी मागायची होती. घरात काका एकटेच. भिंतीवर काकूंचा हार घातलेला फोटो. ऑफिसात हा माणूस घरचं अवाक्षर बोलत नसे. सुनंदाच्या प्रकरणाआधी महिनाभर काकू वारल्या, तेव्हाही तिसऱ्या दिवशी कामावर हजर होता. त्यांनी चहा केला, कप माझ्यापुढे ठेवला आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच बोलायला लागले.

"हिचा पन अंगठा लागत नव्हता. रेशनच्या मशीनवर. जल्मभर कोलंबी सोलली, मिठागरात राबली. तीन फेऱ्या मारल्या बिचारीनं. चौथ्या टायमाला मी गेलो बरोबर. तरी लागंना. मी बोललो, मशीन खोटं बोलत नाय, तूच धड लावत नसशील. भर रांगेत बोललो, सावंत."

त्यांनी आपल्या कपातला चहा एका घोटात संपवला.

"मग कवा गेलीच नाय ती दुकानात. हात पदराखाली घेऊन बसायची. आजारी पडली तवा मी तिचा हात हातात घेतला. अंगठा पार गुळगुळीत. एवढी वर्सं संसार केला, मी कवा बघितलाच नव्हता."

माझी माफी तशीच राहिली. काकांनी माझा उजवा हात ओढून घेतला, खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि चष्मा वर करून अंगठा निरखून बघितला.

"रेषा ठळक हायत तुज्या. मशीनवर लगेच लागत असंल."

"हो काका."

"पयल्या झटक्यात?"

"हो."

त्यांनी माझा हात सावकाश माझ्या मांडीवर परत ठेवला आणि कप विसळायला आत गेले.