जादूगार एन. देव आणि पाण्याच्या मोटरी

आमच्या केडगावातले नामदेव आप्पा कुठलीही वस्तू हातात घेण्याआधी दोन्ही तळवे समोरच्याला दाखवतात. चहाचा कप घेताना, सत्यनारायणाचा प्रसाद घेताना, बँकेत सही करायला पेन घेताना. आधी तळवे, मग उलटे पंजे, मग बाह्या जराशा वर. "बघून घ्या, काय न्हाई," म्हणतात आणि मगच कप उचलतात. नवा माणूस गोंधळतो. आम्ही सवयीने "बघितलं, आप्पा" म्हणून टाकतो. नाही म्हटलं तर चहा गार होतो.

आप्पांचं दुकान माझ्या औषधांच्या दुकानाला लागून आहे. पाटीवर ठळक अक्षरांत 'जादूगार एन. देव', आणि खाली बारीक अक्षरांत 'पाण्याच्या मोटरी भरून मिळतील'. पोट मोटरींवर चालतं, पण धंदा विचाराल तर जादूचा सांगतात. शिरूर-दौंडकडच्या शाळांची गॅदरिंगं, वाढदिवस, एखादी जत्रा. अंगात जांभळा कोट आणि डोक्याला फेटा चढला की आप्पा हिंदीत बोलायला लागतात. "साहेबान, अब हाम ये दोरी कापेगा, आन् फिरसे जोडेगा." समोर बसलेली सगळी पोरं आपल्याच भागातली असतात, पण मराठीत जादू होत नाही असं त्यांचं ठाम मत आहे.

मोटरीच्या बाबतीतही तेच. जळालेली मोटर घेऊन शेतकरी आला की आप्पा त्याला बाहेरच्या बाकावर बसवतात आणि आत पडदा ओढून तिच्यात नवी तार भरतात. काम झालं की मोटर मखमली कापडाखाली झाकून बाहेर आणतात आणि गिऱ्हाइकाला फुंकर मारायला लावतात. एकदा एक म्हातारे वैतागून म्हणाले, "आप्पा, ऊस वाळाय लागलाय, फडकं काढा." आप्पांनी फडकं काढलं नाही. म्हाताऱ्यांना फुंकर मारावीच लागली.

इनामगावच्या जत्रेत तर भलतंच झालं होतं. आप्पांनी टोपीतून कबुतर काढलं आणि ते हातातून सुटून मंडपाबाहेर उडालं. परत येण्याचं नाव नाही. आप्पांनी शांतपणे रिकामी टोपी लोकांना दाखवली आणि "कबूतर गायब" असं जाहीर केलं. त्या दिवशीची सगळ्यांत जोरदार टाळी त्यालाच पडली. आप्पा खुशीत घरी आले, तर काकींनी पाण्याचा तांब्या पुढे करता करता सांगितलं, "तुमच्याआधी पोचलंय. पत्र्यावर बसलंय."

या काकी म्हणजे आप्पांच्या पत्नी. इनामगावची ती जत्रा सोडली, तर प्रत्येक कार्यक्रमाला त्या स्कूटरवर मागे पेटी सांभाळत जायच्या. आप्पांच्या जादूची मेख त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती. मी कितीदा तरी खोदून विचारलं. आप्पा म्हणायचे, विद्येला कुलूप असतं. पोटच्या मुलीलाही त्यांनी कधी काही सांगितलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात काकी गेल्या. आम्हाला वाटलं, आता जांभळा कोट पेटीतच राहणार. पण महिन्याभरात आप्पा पुन्हा कार्यक्रम करायला लागले. पोरं पूर्वीसारखीच ओरडत होती, टाळ्याही तशाच पडत होत्या. फरक एवढाच झाला, की कार्यक्रमाहून आले की आप्पा घरी जाईनात. माझ्या दुकानातल्या स्टुलावर येऊन बसायचे.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा ते दोरी आणि कात्री घेऊन आले. मला समोर बसवलं आणि दोरी कापून जोडायची जादू हळूहळू, उलगडून दाखवली. कापला जातो तो वेगळाच छोटा तुकडा असतो. तो कुठे ठेवायचा, केव्हा बाहेर काढायचा आणि कुठे लपवायचा, सगळं. इतकी वर्षं जे हवं होतं ते समोर आलं तर मलाच अवघडल्यासारखं झालं. मी विचारलं, "आप्पा, मला कशाला सांगताय?"

त्यांनी दोरीची गुंडाळी केली. म्हणाले, "टाळ्या समदे वाजवत्यात रे. चुकलं कुठं, ते सांगाय कुणी न्हाई."

मग सांगू लागले. काकी कधीच टाळी वाजवायच्या नाहीत. शेवटच्या रांगेत बसून नुसतं बघायच्या आणि परत येताना स्कूटरवर मागून एकेक चूक सांगायच्या. आज घाई केली, आज नजर तिकडं गेली. आप्पांना राग यायचा. कधी कधी निम्म्या वाटेपासून घरापर्यंत दोघं बोलायचे नाहीत. "आता येताना मागं नुसती पेटी असती," आप्पा म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मांडवगणच्या शाळेत कार्यक्रम होता. मी दुकान भाच्यावर सोपवून आप्पांबरोबर गेलो आणि शेवटच्या रांगेत बसलो. सगळी शाळा दोरीकडे बघत होती, मी आप्पांच्या हाताकडे. जोडलेली दोरी त्यांनी ताणून दाखवली तेव्हा पोरांनी गिल्ला केला. हेडमास्तरांनी शाल घातली, नारळ दिला. मी टाळी वाजवली नाही, म्हणून शेजारच्या बाई माझ्याकडे बघत होत्या.

परत येताना मी पेटी मांडीवर घेऊन मागे बसलो. वडिलांच्या वयाच्या माणसाला चूक कशी सांगावी, मला सुचेना. भीमेचा पूल ओलांडला तेव्हा कसंबसं म्हणालो, "आप्पा, तुकडा लपवताना तुमचं डावं कोपर वर गेलं."

त्यांनी उसाच्या कडेला स्कूटर थांबवली.

"लई?"

"थोडंच. पण कळलं."

आप्पा खाली उतरले. खिशातून दोरी आणि कात्री काढली आणि तिथेच रस्त्याच्या कडेला, शाल अंगावर असतानाच, सगळं पहिल्यापासून करून दाखवलं. मागून आलेल्या ट्रॅक्टरवाल्याने वेग कमी केला, बघत बघत गेला. आप्पांचं त्याच्याकडे लक्षही नव्हतं.

"आता?"

"अजून जातंय."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. इतक्या महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदाच चिडलेलं बघत होतो.

"परत करतो," ते म्हणाले. "नीट बघ."