तळ्याकाठचं कुलूप

निवाऱ्याच्या दाराशी पोचल्यावर कुलूपवाल्याने खिसे चाचपले, मग पाठपिशवी, मग पुन्हा खिसे. आणि किल्ली कुठे आहे ते त्याला लख्ख आठवलं. ती दुकानातल्या फळीवर सतराव्या खिळ्याला होती. हातात आलेल्या किल्लीला चिठ्ठी बांधून ती खिळ्याला अडकवायची, ही तीस वर्षांची सवय. काल वनरक्षकाने दिलेली निवाऱ्याची किल्लीही त्याने तशीच, शिस्तीत अडकवली होती.

खाली तळं उन्हात चमकत होतं. दुकान चार तासांच्या उतारापलीकडे होतं.

"अहो, उघडा ना," बायको म्हणाली. "बाबांचे गुडघे कुरकुरायला लागलेत."

"किल्ली घरी राहिली."

सासऱ्यांनी मासे धरायचा गळ भिंतीला टेकवला. "जावईबापू, तुमचा धंदा काय म्हणालात?"

कुलूपवाला ओशाळला, पण खरी अडचण वेगळीच होती. दारावरचं कुलूप त्याने स्वतः बनवलेलं होतं. वन खात्याने ते महिनाभर लावून पाहायला घेतलं होतं. पसंत पडलं तर डोंगरवाटांवरच्या सगळ्या निवाऱ्यांना तशीच आणखी चाळीस. 'किल्लीशिवाय हे कुणालाही उघडणार नाही,' असं त्याने लिहून दिलं होतं. आता ते उघडलं तर लेखी शब्द खोटा पडणार, नाही उघडलं तर सासरे दोन दिवस दगडावर झोपणार.

"हत्यारं काढा की," सासरे म्हणाले.

"ती हिने दारातच काढून ठेवली. म्हणे, सुट्टीला निघालोय, कामाला नाही."

"म्हणजे चूक माझीच!" म्हणत बायकोने केसातली पिन काढून पुढे केली.

कुलूपवाला गुडघ्यावर बसला. पिन वाकली. सासऱ्यांचा एक गळ मोडला, तेव्हा जावयाचं हाड मोडलं असतं तरी त्यांना इतकं लागलं नसतं. मग काट्याचमच्यातला काटा गेला. प्रत्येक वेळी आतली कळ जागच्या जागी राहिली, की कुलूपवाल्याच्या कपाळावर आठी पडे आणि ओठांवर हसू फुटे.

"हसताय काय? वारा सुटलाय," बायको म्हणाली.

"काय बनवलंय बघ! जरा म्हणून हलत नाही."

"बिजागऱ्या काढा," सासऱ्यांनी सुचवलं.

"आतून आहेत. मीच सांगितलं होतं तसं करायला."

"खिडकी?"

अस्वलांच्या भीतीने खिडक्यांना अंगठ्याएवढे जाड गज बसवले होते. हेही त्यानेच सुचवलं होतं. सासऱ्यांनी हात जोडले.

काठावरच्या मोडक्या होडीला तार गुंडाळलेली दिसत होती. ती आणायला कुलूपवाला उतरला. सासरेही गळ घेऊन मागोमाग गेले. दाराशी काही लागत नाही, निदान पाण्यात तरी काही लागेल. तार सोडवण्यात बराच वेळ गेला. मासा काही लागला नाही.

परतले तेव्हा बायको पायरीवर निवांत बसली होती.

"वनरक्षक येतोय वर," ती म्हणाली. "लागा कामाला. चांगला घाम येऊ द्या."

कुलूपवाला मनापासून झटला. घाम आणावा लागला नाही. वनरक्षक येऊन मागे उभा राहिला तरी त्याला कळलं नाही.

"काय शेठ, स्वतःच्याच कुलपाशी भांडण?"

कुलूपवाल्याने मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. फळी, खिळा, पिन, गळ, काटा. वनरक्षक इतका हसला की त्याला टोपी काढावी लागली. मग त्याने खिशातून वही काढून लिहिलं आणि मोठ्याने वाचलं : "करणाऱ्यालाही दोन तासांत उघडता आलं नाही. पसंत." खाली झोकदार सही. "चाळीसच्या चाळीस तुमची, शेठ. माझ्याकडे दुसरी किल्ली आहे, थांबा, उघडतो."

"द्या इकडे," बायकोने ती हातातून जवळजवळ ओढलीच. "तुम्हाला पुढच्या तळ्यावर जायचं असेल. उजेड आहे तोवर निघा बघू."

तो वळणाआड दिसेनासा झाल्यावरच तिने किल्ली नवऱ्याच्या हातात ठेवली.

दार उघडलं. आत टेबलावर तीन पेले मांडलेले होते. शेगडीवर किटली वाफाळत होती. खाटेवर सासऱ्यांची शाल अंथरलेली होती, आणि तिघांच्या पिशव्या खुंटीवर टांगलेल्या. त्या पायरीवर नव्हत्या, हे कुलूपवाल्याच्या आता लक्षात आलं.

"हे सगळं आत कसं आलं?"

"खिडकीतून," केसात दुसरी पिन खोचत बायको म्हणाली.

कुलूपवाल्याने गजांकडे पाहिलं. मग पिनेकडे पाहिलं.

"तू?"

"दुपारी जेवून तुम्ही आत घोरता, तेव्हा दुकानात कोण बसतं? गिऱ्हाइकांना काय परत पाठवते मी?"

तो खाटेवर टेकला. मग त्याने हळूच विचारलं, "किती वेळ लागला?"

"तुम्ही तार आणायला गेलात ना, त्यात उघडलं, झाडलं, चहा टाकला. तेवढ्यात तो खालून येताना दिसला, म्हणून परत लावून टाकलं."

सासऱ्यांनी पेला उचलून घोट घेतला. "चहा फक्कड झालाय," ते समाधानाने म्हणाले. "आणि जावईबापू, कुलूपही चांगलं आहे हो तुमचं."

कुलूपवाल्याने खिशातून पेन्सिल काढली, खाऊच्या पुड्याचा कागद मांडीवर सरळ केला आणि कळीचं नवं चित्र काढायला घेतलं. थोड्या वेळाने मान वर न करताच म्हणाला, "ती पिन जरा दे इकडे. आणि अशी समोर बस."

बायकोने स्टूल ओढलं.

"पहिली कळ आहे ना तुमची," ती म्हणाली, "ती फार भोळी आहे."