सहा सुना आणि एक नाव

मतदानाच्या सकाळी न्दलालेनी मात्सेबुला गोठ्याच्या कुडापाशी उभा राहून बायकोवर ओरडला, "अगं, सुना निघाल्या का?"

"सहाच्या सहा केव्हाच निघाल्या. तुमचाच पाय निघत नाहीये," लाशोंग्वे म्हणाली.

"मत दिल्याशिवाय घरी यायचं नाही म्हणून सांगितलंस ना?"

"दहादा."

स्वाझीलँडमधून इंग्रज जाऊन चार वर्षं झाली होती. मरायच्या आधी एकदा तरी पार्लमेंटात आपल्या राजासमोर बसावं, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा उरली होती. विरुद्ध उभा होता दुकानदार गामेदझे, आणि सामना अटीतटीचा होता.

शाळेच्या खोलीत टाय लावलेला साहेब बसला होता. वाचता न येणाऱ्यांनी त्याच्या कानात नाव सांगायचं, तो फुली मारणार. थोरली सून लामावुसो पहिली आत गेली.

"मत कुणाला, मावशी?"

"आमच्या मामंजींना."

"नाव सांगा."

लामावुसो बघतच राहिली. "सासऱ्याचं नाव? तुम्ही इथलेच ना, की इंग्रज जाताना तुम्हाला विसरून गेले?"

"इथलाच आहे हो! पण नाव ऐकल्याशिवाय फुली मारता येत नाही."

"मोठ्या अंजिराखालचं घर. बारा बैल. उजवा पाय जरा ओढतात."

"यादीत बैल नाहीत, मावशी. बरं, मी वाचतो, तुम्ही नुसतं माझ्यामागून म्हणा."

त्याने सासऱ्याचं नाव वाचलं मात्र, लामावुसो त्या नावाच्या आदराने गुडघ्यांवर बसली आणि तिने मान खाली घातली. बाहेर रांग खोळंबली. मत दिल्याशिवाय घरी जायची सोय नव्हती आणि यादीत घेण्याजोगं नाव एकच होतं. ती म्हणाली, "गामेदझे."

उरलेल्या पाच जणींनीही थोरलीचाच कित्ता गिरवला.

न्दलालेनी चार मतांनी पडला. सुनांनी कुणाचं नाव घेतलं याचं नदीवर बायकांत बोलणं झालं आणि ते लाशोंग्वेमार्फत त्याच्या कानावर आलं. म्हातारा लालबुंद झाला.

"विचार त्यांना, घरच्या माणसाला पाडलंत?"

लामावुसो दाराआडून सासूला म्हणाली, "आई, त्यांना सांगा, पडले तर पडले. पण परक्या माणसापुढे त्यांचं नाव आम्ही तोंडातून काढलं नाही."

म्हाताऱ्याचा राग कुठल्या कुठे गेला, आणि सहा लेकी असत्या तरी इतका मान मिळाला नसता असं वाटून त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात गामेदझे आला. निवडून आलेला माणूस, पण चेहरा पडलेला.

"बाबे, वडिलांसारखे तुम्ही, रागावू नका. तुमच्या सुनांनी मला सहा मतं दिली, तेवढ्यावर आलो."

"आणि तुझ्या सुनांनी?"

"त्यांनी तुम्हाला दिली. माझं नाव कसं घेणार त्या?"

"मग तुला चार जास्त कशी?"

गामेदझेने मान खाली घातली. "मला दोनच सुना आहेत, बाबे."

न्दलालेनीला भडभडून आलं. त्याने गामेदझेच्या पाठीवर हात ठेवला.

"दोनच? अरेरे! जा बाबा, तूच जा पार्लमेंटात. तेवढंच तुझं मन रमेल."