पडद्यावरचं गोदाम

लहान उद्योगांची प्रगती खुंटण्याचं मुख्य कारण म्हणजे ते प्रत्यक्षात चालू असतात.

शेपर्टन शहरातल्या लोर्ना व्हेलनचं मधमाशीपालनाच्या सामानाचं गोदाम याच दुखण्याने ग्रासलं होतं. त्यात पेट्या होत्या, माश्यांना धूर द्यायची धुराडी होती आणि ते सगळं वाहणारा, तिच्या वडिलांच्या वेळेपासूनचा कामगार कोस्टा होता.

रोबो घ्यायचे तर आधी संगणकात चालवून पाहावेत, म्हणजे चुका फुकटात होतात, असं सरकारी आधुनिकीकरण कक्षाने कळवलं आणि फर्गस नावाचा सल्लागार पाठवला. त्याने पडद्यावर गोदामाची हुबेहूब प्रतिकृती उभी केली. (जमीन तेवढी सपाट घेतली. दाराजवळचा उतार हा बांधकामातला दोष. त्याची नक्कल करणं बरं दिसलं नसतं.)

पडद्यावर निळे रोबो एकमेकांना वाट देत फिरू लागले. लोर्ना हरखली. वडील गेल्यापासून गोदामात तिला इतकं शांत कधी वाटलं नव्हतं. दुपारचा डबाही ती पडद्यासमोरच खाऊ लागली.

मात्र खऱ्या गोदामाचे आकडे प्रतिकृतीशी जुळेनात. कोस्टा मध्येच थांबून ट्रकवाल्याशी फुटबॉलवर बोलतो, असं चौकशीत उघड झालं. प्रतिकृती चुकलेली नाही, गोदाम तिच्यापासून ढळलंय, असं फर्गसने समजावलं. मग कोस्टाला एकाच वेगाने, फक्त उजवीकडे वळत चालायला शिकवण्यात आलं. फुटबॉल बंद झाला. आकडे जुळले.

यथावकाश खरा रोबो आला. उतारापाशी पोहोचला आणि नम्रपणे उभा राहिला. त्याच्या पाठीवरची पेटी कोस्टा उचलून ट्रकपर्यंत नेऊ लागला. कार्यक्षमता चौऱ्याण्णव टक्के भरली, ती रोबोच्या नावावर. (प्रतिकृतीच्या दुसऱ्या टप्प्यात माणसं हिशेबातून वगळली होती.)

एकदा कोस्टा लोर्नाच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"यात मी कुठला गं?"

"तू नाहीयेस त्यात."

"मग ट्रक कोण भरतंय?"

"रोबो."

कोस्टा बराच वेळ बघत राहिला. "बरा भरतोय की," म्हणाला, टोपी घातली आणि घरी गेला, तो कायमचाच. धावत जाऊन त्याला थांबवावं, असं लोर्नाला वाटलं. पण पडद्यावर कुणीच गेलं नव्हतं.

वसंतात जवळच्या टाटुरा गावाहून म्युरिएल हद्दाद यांचा फोन आला. कपडे वाळत घालायच्या तारेवर मधमाश्यांचा अख्खा थवा लटकलाय आणि मागवलेल्या पेटीचा पत्ता नाही, असं त्या म्हणाल्या. लोर्नाने पडदा पाहिला.

"कालच पोहोचली तुमची पेटी."

"अहो, मी दारातच उभी आहे."

"इथे हिरवी खूण दिसतेय ना."

फोन कानाला तसाच धरून म्युरिएलबाईंनी पायपुसणं उचललं आणि त्याखाली पाहिलं.

हसू नका. परवा पार्सल पोहोचल्याचा मेसेज आला, तेव्हा तुम्हीही कुंडीमागे पाहिलंत.