डोमाजींचा निकाल

डोमाजी निकाल सांगण्याआधी बैलगाडी जुंपून घेत आणि तिचं तोंड रस्त्याकडे करून ठेवत. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, नाचगाण्याच्या दंडारी रंगतात आणि दोन गावांच्या दंडारी समोरासमोर आल्या की पंच लागतो. हरलेलं गाव पंचाला सोडत नाही. म्हणून डोमाजी एक पाय चाकावर ठेवून निकाल सांगत. शेवटचा शब्द तोंडातून निघतो न निघतो, तोच गाडी वेशीपार झालेली असे.

असा भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. फुलचूरला आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. ते पोलिसाला भीत, बकरीला भीत, पोस्टकार्डाला तर फारच भीत. कार्ड आलं की ते माझ्या हातात देऊन स्वतः अंगणात जाऊन उभे राहत. "आंधी तुमी वाचा बाबूजी. कोनी मेलं असन त हळूच सांगा."

पण याच माणसाने भर मंडईत स्वतःच्या सासुरवाडीच्या दंडारीला दुसरा नंबर दिला होता. सासऱ्यांनी त्यांना दोन वर्षं उंबरा ओलांडू दिला नाही. एवढी भीती वाटते तर असं का करता, म्हणून मी एकदा विचारलं. "भेव त लागते ना बाप्पा," ते म्हणाले, "पन कानानं आयकलं थे तोंडानं कसं बदलवाचं?"

मी तेव्हा गोंदियाच्या रेल्वे मालधक्क्यावर हंगामी कारकून होतो. नोकरी कायम होण्याचा कागद गोऱ्या साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. अशा वेळी शहाण्याने तोंड मिटून असावं. मी साहेबांना खूश करायला डोमाजींच्या गोष्टी रंगवून सांगितल्या. साहेबांकडे नुकत्याच इटलीतल्या एका विनोदी संगीत नाटकाच्या ग्रामोफोन तबकड्या आल्या होत्या आणि त्यातल्या नायिकेच्या आवाजावर ते लट्टू होते. भाषा न कळणारा माणूससुद्धा तिलाच पहिला नंबर देईल, असं त्यांचं म्हणणं. "तुम्हारा पंच को लाओ," ते म्हणाले, "इतवार को."

रविवारी गाडीत मी वाटभर डोमाजींना पढवत होतो. "बाईला पहिला नंबर द्यायचा. माझ्या पोटावर पाय येईल हो!"

डोमाजींचं लक्ष भलतीकडेच होतं. "साहेबाजवळ बंदूक असन ना?"

"आहे की. बैठकीतच टांगलीय." हे मी सांगायला नको होतं. बंगल्याच्या फाटकाशी त्यांनी गाडी वळवून घेतली आणि गड्याला बजावलं, "कासरा सोडू नोको."

तबकड्या सुरू झाल्या. एकेक बाजू संपली की साहेब उठून चावी देत आणि तबकडी उलटत. डोमाजी जमिनीवर उकिडवे बसून, डोळे मिटून ऐकत होते. नायिका गायला लागली की साहेब माझ्याकडे बघत आणि मी मान दुखेपर्यंत डोलत असे. मध्येमध्ये एक म्हातारा जाड्या आवाजात भराभर गाई. बाकीचे सगळे मिळून त्याला फसवत असावेत, कारण त्याच्यामागून ते खिदळत. साहेबही खिदळत. डोमाजी मात्र एकदाही हसले नाहीत.

शेवटची बाजू संपली. "बोलो," साहेब म्हणाले.

डोमाजी उठले. मी डोळ्यांनी विनवण्या करत होतो. त्यांनी एकदा बंदुकीकडे पाहिलं आणि हात जोडले.

"बाईचा गळा लय गोड हाये साहेब. पन थे दुसऱ्याचं आयकत नाई. जोडीदार गाऊन रायला, आन हे आपल्याच गळ्याच्या नादात. दुसरा नंबर. पयला त्या म्हाताऱ्याचा. सगळे त्याले हासून रायले, तरी थो ताल सोडत नाई. अखरीले रडला, थो बी तालातच."

याचं हिंदी करताना निम्मं गाळायचं, असं मी ठरवलं होतं. पण गोंदियात पंधरा वर्षं काढलेल्या साहेबांना शब्द न् शब्द कळला होता. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. पंख्याची दोरी ओढणारासुद्धा थांबला.

सही पुढच्याच आठवड्यात झाली, हे इथेच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही उगाच माझी काळजी करत बसाल. त्या क्षणी मात्र मी मनातल्या मनात बिऱ्हाड बांधत होतो. डोमाजी आता धावत सुटणार म्हणून मी दारातून बाजूला झालो. बाहेर गडी ओरडला, "मालक, चला ना!"

डोमाजी हललेच नाहीत. ते ग्रामोफोनच्या कर्ण्यात वाकून पाहत होते. "साहेब, थो म्हातारा कुठी रायते? त्याले निकाल कोन सांगन?"

साहेबांच्या चेहऱ्यावरची लाली ओसरली. मग त्यांनी तबकड्यांबरोबर आलेलं पुस्तक काढलं आणि एका पानावर बोट ठेवलं. फोटोत त्या म्हाताऱ्याचं गाणं गायलेला लठ्ठ, टकला, थकलेल्या डोळ्यांचा माणूस होता.

"चाळीस वर्सं झाले निकाल देऊन रायलो, बाबूजी," डोमाजी मला हळूच म्हणाले, "पन निकाल आयकल्यावर जितला त्याचं तोंड मी कवाच पायलं नाई. दरखेपी पळालोच ना."

डोमाजींनी धोतराला हात पुसले, पुस्तक दोन्ही हातांत धरलं आणि अंगणात आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं त्या फोटोला म्हणाले, "बाप्पा, तुमचा पयला नंबर आला."